गाडीच्या दारातला माणूस

सख्ख्या भावाला पुसून टाकण्याचा तिला दरमहा पगार मिळत होता.

उंची गाड्यांच्या मासिकात ती पानांची मांडणी करायची आणि फोटोंची सफाईही तिच्याकडेच होती. नव्या गाडीचा पत्रा म्हणजे आरसाच; फोटो काढणारा कितीही लपला तरी दारावर नाहीतर बंपरवर कुठेतरी उमटतोच. तो डाग समजून पुसायचा, हा नियम. आणि या मासिकाचे फोटो काढायचा तिचा धाकटा भाऊ. कुठून कुठून तो फोटो संपादकांकडे पाठवी, सोबत नाव आणि नंबर. मांडणीला आपली बहीण बसली आहे याचा त्याला पत्ताच नव्हता, कारण तिचं नाव कुठे छापलं जात नसे.

नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो कुठल्याशा डोंगरात गाड्यांच्या मागे होता; पोचला तिसऱ्या दिवशी. दार हिनेच उघडलं. "आता कशाला आलास?" एवढंच म्हणाली. तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. तिचा राग पंधरा दिवसांत निवला, पण ताठा काही उतरेना. धाकट्याने आधी फोन करून चूक कबूल करावी, अशी तिची अट होती आणि ती अट तिने त्याला कधी कळवलीही नव्हती. शहाणपणाची कमालच म्हणायची!

मग दर महिन्याला ती फोटो मोठा करून त्याला शोधायची. हा वाळलाय. केस मागे हटलेत. एकदा हाताला प्लास्टर दिसलं, तर आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. पोटभर बघून झालं की पुसायची.

त्या अंकातलं मुख्य जोडपान एका करड्या गाडीचं होतं. संपादक तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सगळं मोजूनमापून करते म्हणून ते तिला फूटपट्टी म्हणत.

"अहो फूटपट्टी, अक्षरं अजून बारीक करा. आपला वाचक वाचत नाही, चाळतो."

"सर, याहून बारीक केली तर फक्त मुंग्यांना वाचता येतील."

"येऊ द्या. आणि जागा मोकळी सोडा. श्रीमंती मोकळ्या जागेत असते."

ते गेले आणि तिने फोटो मोठा केला. मागच्या दारात भाऊ उभा होता. कॅमेरा खाली घेतलेला, चेहरा अख्खा, कुणाकडे तरी बघून हसत होता. तिचा हात माउसवरच थांबला. घरी आई होती. नऊ वर्षांत तिने लेकाचं नाव काढलं नव्हतं, आणि काढलं नव्हतं म्हणूनच ते घरभर होतं. आईला एकदा दिसू दे, असं तिला वाटून गेलं.

मग तिने पान नव्याने मांडलं. पानांची मधली घडी त्या दारावर येत होती, म्हणून गाडी चार बोटं डावीकडे सरकवली. गाडीवरून धावणारं जाडजूड शीर्षक उचलून कोपऱ्यात नेलं आणि सडपातळ अक्षरांत बसवलं. मजकूर एका अरुंद रकान्यात कोंबला. जेवढी मोकळी जागा मिळाली तेवढी त्या दाराभोवती ठेवली. संपादक म्हणाले, "वा! याला म्हणतात मांडणी." नखाएवढ्या माणसासाठी दोन पानं सजली होती, आणि तो माणूस तिने पुसला नाही.

अंक आला. तिने आईच्या हातात भिंग दिलं आणि दारावर बोट ठेवलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जेवतो की नाही हा?" अंक तिने परत दिलाच नाही.

चार दिवसांनी संपादक तणतणत आले. "गाडीच्या दारात माणूस! कंपनीचा फोन आला होता. मुळात पुसायची वेळच का यावी? त्या फोटोवाल्याला मी असा झापलाय, जन्मभर लक्षात ठेवील." चूक माझी, एवढं म्हणायला काय जात होतं? पण ती मूग गिळून गप्प बसली.

पुढच्या महिन्याचे फोटो आले. तिने दार पाहिलं, बंपर पाहिला, दिव्यांच्या कडा पाहिल्या. सगळीकडे नुसतं काळं कापड. कापडाआड उभं राहून त्याने फोटो काढले होते; बुटाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. पुसायला काहीच उरलं नव्हतं. मग फोटोंसोबत आलेला नंबर तिने पहिल्यांदाच फिरवला.

"मासिकाच्या मांडणी विभागातून बोलतेय," ती कशीबशी म्हणाली.

"हो मॅडम. मागच्या अंकाचं ना? चूक माझीच होती. माफ करा. पुन्हा दिसणार नाही."

याच शब्दांसाठी ती नऊ वर्षं अडून बसली होती. आता ते आले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही रे," ती म्हणाली. "चूक माझी होती. मीच पुसलं नाही तुला."



"ताई," तो म्हणाला. "येऊ का?"

तिने जोरजोरात मान हलवली. फोनवर मान हलवून उपयोग नसतो, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.