आडमुठ्याची जागा

मी आडमुठा आहे, मित्रांनो, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. मी सतरा ओळींचा एक जुना संगणक-प्रोग्रॅम आहे, मिडलवेअर, म्हणजे मधला गडी. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर सहा वर्षं कामाला आहे. लोक घरबसल्या ‘माझा रिपोर्ट’ या बटणावर बोट ठेवतात, पण ती मागणी थेट रिपोर्टपर्यंत जात नाही. ती आधी आमच्या रांगेतून जाते. सगळ्यांत वर नोंद्या. कोण आलं, कुठपर्यंत गेलं, ते तो टिपून ठेवतो. मग मी. आलेला माणूस कोण ते तपासतो, मागणीवर त्याची ओळख चिकटवतो आणि मगच पुढे सोडतो. माझ्याखाली साठव्या. दिलेलं उत्तर तो त्या ओळखीच्या खणात जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितलं की चटकन हातावर.

मला लिहिलं ही साइट सांभाळणाऱ्या ताईंनी. पहिल्याच दिवशी मी त्यांनाच अडवलं, कारण त्या लॉगिन करायला विसरल्या होत्या. “भलताच आडमुठा आहेस रे!” त्या हसून म्हणाल्या. नाव तेच पडलं, आडमुठ्या. पहिली दोन वर्षं माझं कौतुक झालं. पुढे कोणी माझी फाइल उघडूनही पाहिली नाही. चालायचंच. दाराच्या कडीची कोणी रोज विचारपूस करत नाही.

मग साइट रखडते अशी तक्रार आली. ताईंच्या साहेबांनी एका हातात चहाचा कप धरून, दुसऱ्या हाताने साठव्याची ओळ उचलली आणि माझ्या वर नेऊन ठेवली. “हा पुढे असला की सगळं कसं झटपट!”

झटपट झालं खरं. पण माझ्या आधी ओळख चिकटवणार कोण? त्या दिवशी पहिल्या आलेल्या बाईंचा रिपोर्ट साठव्याने बिननावाच्या खणात ठेवला, आणि पुढे येईल त्याच्या हातावर तोच ठेवत गेला.

दुपारी एका शिक्षिकेचा फोन आला. “अहो, मी माझी शुगर बघायला गेले, तर समोर दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट! त्यांना दिवस गेलेत. त्यांनी अजून घरीही सांगितलं नसेल, आणि मला कळलंय. उद्या माझंही असंच कोणाला दिसायचं!”

साहेबांनी साइट बंद केली आणि खापर माझ्यावर फोडलं. “तुमचा आडमुठ्या म्हातारा झालाय. झोपला असेल. पुसून टाका त्याला, दुसरा तयार आणू.”

राग आला मला, मित्रांनो. अजून येतो! झोपलो म्हणे! मला कोणी विचारलं तरी होतं का?

ताईंनी शांतपणे नोंद्याची पानं उघडली. “साहेब, हे बघा. साठव्याकडे नऊ मागण्या आल्या. आडमुठ्यापर्यंत पोचली एकच, आणि ती त्याने नीट तपासलीय. बाकीच्या आठ त्याने पाहिल्याच नाहीत. अडवणार कोणाला?”

साहेबांनी कप खाली ठेवला. पुसायला निघालेले मला, पण हात साठव्याच्या ओळीकडे गेला. त्यांनी ती पुन्हा माझ्याखाली आणली. जुनं साठवलेलं सगळं पुसून साइट पुन्हा सुरू केली. मग त्या पहिल्या बाईंना त्यांनी स्वतः फोन केला. काय झालं ते सांगून माफी मागितली.

ताईंनी माझ्या डोक्यावर एक सूचना लिहिली: ‘साठव्याला याच्या वर आणू नये. साइट रखडली तरी.’

आठवड्याने त्या शिक्षिकेचा पुन्हा फोन. “आज तुमच्या साइटनं मला दारातच अडवलं हो! लॉगिन करायला विसरले होते.”

“माफ करा हं,” ताई म्हणाल्या.

“माफी कसली? जिवात जीव आला माझ्या!”

मित्रांनो, उद्या तुम्हीही साइट लिहाल. मला हळू म्हणा, म्हातारा म्हणा, वर्षानुवर्षं विसरा. पण माझी जागा हलवण्याआधी माझ्या सतरा ओळी एकदा वाचा. वाचायचा कंटाळा असेल तर मला हातही लावू नका. आणि ओळख न दाखवता आलात तर तुम्हालाही अडवीन.