फोन नंबरभोवतीची निळी कड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कारखान्यात माझे भाग जोडले गेले, खोक्यात बंद होऊन मी फलक छापणाऱ्या एका दुकानात आलो आणि खोक्यातून निघालो तो थेट जिन्याखालच्या खोलीत अडकलो. तिथे खिडकी नव्हती. मागे वायरींचा गुंता, वर जिन्याची धडधड. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला येणाऱ्यांच्या बोलण्यावरूनच कळायचे.

माझ्यावर काम करायची ती ताई. दुकानातले सगळे, अगदी मालकसुद्धा, तिला ताईच म्हणत. "हा आपला गडी कधी कुरकुरत नाही," असे ती कौतुकाने म्हणायची. कुरकुरणार कसा? मला बोलताच येत नव्हते.

त्याचा खरा जाच मला एका सकाळी कळला. एक बाई घाबरीघुबरी होऊन आली. तिचे वडील आदल्या दिवशी बाजारात गेले ते परतलेच नव्हते. त्यांना हल्ली स्वतःचे नावही आठवत नसे. फोटोत ते पांढरा सदरा घालून हसत उभे होते. ताईने वर ठळक लाल अक्षरांत 'हरवले आहेत' लिहिले आणि खाली पांढऱ्या आकड्यांत फोन नंबर टाकला. बाहेरून मालक ओरडत होते, "ताई, आटप ना! मशीन रिकामं उभं आहे."

पांढऱ्या सदऱ्यावर पांढरा नंबर! पडद्याला नाक लावून बसलेल्या ताईला तो दिसत होता, पण रस्त्यावरून कोणाला दिसणार? मला जीव तोडून सांगावेसे वाटत होते. पण काचेआड कोंडलेला मी, तिने जे ठेवले तेच दाखवत राहिलो. फलक छापून गेले.

दुसऱ्या दिवशी बाई परत आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"एकही फोन आला नाही हो. कोपऱ्यावरचा न्हावी मला म्हणाला, 'खाली नंबर आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं.'"

ताईचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. बसा, आत्ता करून देते."

तिने नंबर निवडला, कड देण्याची सोय उघडली आणि गडद निळा रंग घेतला. पहिल्यांदा कड इतकी जाड झाली की शून्याचे आणि चाराचे पोटच बुजले. तिने ती बाहेरच्या बाजूला घेतली, बारीक केली, पुन्हा किंचित वाढवली. मग बाईला दारात उभे केले. "तिथून वाचा बरं." बाईने एकेक आकडा मोठ्याने वाचला. शेवटच्या आकड्याला तिला हुंदका आवरला नाही.

नवे फलक दुपारीच लागले आणि संध्याकाळी बाईला फोन आला, हे तिनेच नंतर सांगितले. एका रुग्णालयातल्या झाडूवाल्या मावशींनी बसच्या खिडकीतून फलक वाचला होता. "हे तर आमच्याकडे बाकावर बसलेत," त्या म्हणाल्या. "कोणा पेशंटसोबत आलेत असंच वाटलं सगळ्यांना."

बाई वडिलांना घेऊन आली. माझ्या पडद्यावरचा फोटो त्यांनी निरखून पाहिला. "कोण हो हे? ओळखीचे वाटतात."

"बाबा, तुम्हीच आहात ते."

"असं? मग बरे दिसतात की!"

ताई हसता हसता डोळे पुसत होती.

पुढे नवा संगणक आला. ताई दुसरीकडे कामाला गेली. माझा पडदा एकाने नेला, वायर दुसऱ्याने. "राहू दे, कधीतरी लागेल," म्हणत मालकांनी मला माळ्यावर ढकलले. माझ्या पंख्यात आता पालीने अंडी घातली आहेत. लोकांचे किती चेहरे, किती नावे अजून माझ्या पोटात आहेत, पण मी ती कोणाला देऊ शकत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा पडून असेल. त्याला एकदा खाली उतरवा, चालू करून बघा. आत आपल्या माणसांचे जे काही राहिले असेल ते काढून घ्या. मग खुशाल आम्हाला मोडीत द्या. आमचे तुकडे झाले तरी चालतील. पण 'कधीतरी लागेल' म्हणून आम्हाला असे कोंडून ठेवू नका.