राजाचं वाक्य

रुक्मिणीबाई पिंपरीतल्या एका कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटायच्या. पंचेचाळिशीत साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या, त्यामुळे ओळीवर बोट ठेवून, एकही कानामात्रा न गाळता वाचायच्या. म्हणूनच कामगारांच्या नाटकस्पर्धेत विंगेत वही धरून बसायचं, नट अडला की वाक्य पुरवायचं काम नाटक बसवणाऱ्या श्रीपाद साहेबांनी त्यांना दिलं. "शिकलेला माणूस नटाला सोडून पुढं पळतो," साहेब म्हणाले. "बाई पळत नाहीत."

नाटक जुनं, नावाजलेलं. राजा संशयापायी राणीला विष पाजतो आणि तिच्या प्रेताशी बसून रडतो. राजा झालेला, लेथवर काम करणारा टर्नर सुरेंद्र तालमीत रडायला लागला की निम्मं कँटीन डोळे पुसायचं.

"काय प्रेम हो राजाचं!" भाजी चिरणाऱ्या सुमनताई म्हणायच्या.

"आन् मेलं कोन?" रुक्मिणीबाई फणकारायच्या. "राणीला बोलायला तीन वाक्यं, त्यातली दोन निस्ती 'नाथ, नाथ'!"

त्यांची लेक पद्मा तीन महिने माहेरी होती. शेजाऱ्याशी बोलली म्हणून नवऱ्यानं, जयसिंगनं, तापल्या उलथन्यानं तिची पाठ डागली होती. भावकी म्हणत होती, पाठवून द्या. स्पर्धेच्या दिवशीच दुपारी तो न्यायला आला. नाटक सुटलं की तिथूनच एस्टी धरायची, असं ठरलं.

हॉलच्या दारात तो म्हणाला, "मामी, एवढा जीव नसता, तर एवढा राग आला असता का?"

रुक्मिणीबाईंनी हातातली वही उघडली. वहीच्या शेवटच्या पानावर राजाचं हेच वाक्य होतं. जयसिंगनं तर नाटक अजून बघितलंही नव्हतं.

शेवटचा प्रवेश आला. राणी निपचित पडली. सुरेंद्र म्हणाला, "राणी..." आणि अडकला. त्यानं विंगेकडं बघितलं. रुक्मिणीबाईंचं बोट त्याच ओळीवर होतं. तोंड मिटलेलं.

"वाचा बाई!" मागून साहेब कुजबुजले. "अक्षर लागत नाही का?"

"लागतंय. म्हनूनच वाचत न्हाई."

राजा तोंड उघडं टाकून प्रेताशी बसून राहिला. शेवटी पडदा पाडावा लागला.

"बाई, माझा सीन खाल्लात!" सुरेंद्र ओरडला. त्या थांबल्या नाहीत. बाहेर पद्माशेजारी जयसिंग तिची पिशवी धरून उभा होता.

"मामी, राजा शेवटी गप्पच का बसला?"

"बोलन्यासारखं काय होतं त्याच्यापाशी?" म्हणत त्यांनी पिशवी हिसकावून घेतली. "तुमच्यापाशीबी न्हाई, पाव्हणं. एस्टी धरा. पद्मा हितंच ऱ्हाईल."