नाव न घेता

"…तर रोज सकाळी गोधडी धुवायची अन्‌ भिंतीवर वाळत टाकायची. पावसाळा असो, काही असो! शेजारच्या बाया विचारायच्या, काहून गं रोज गोधडी धुता? शेवटी घरातला म्हातारा आजाच पुढं झाला. म्हणाला, माझं नाव सांगत जा. मी म्हातारा माणूस, मला कोण हसून राहिलं? झालं! त्या दिवसापासून गोधडी आजोबांची!"

संगिता राठोडनं आजोबांचं बोलणं मान हलवत, बोळक्या तोंडाच्या आवाजात करून दाखवलं आणि शाळेच्या हॉलमधल्या दीडशे मुली खदखदून हसल्या. मघापासून घड्याळ बघणाऱ्या, जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाईही तोंडाला रुमाल लावून हसल्या. संगितानं हशा ओसरू दिला. आता आवाज खाली आणून पुढचं सांगायचं, हे तिला सवयीनं माहीत होतं. ती मुलगी माझ्याकडे आली, बोलली, डॉक्टरांना दाखवलं, आज तिचा त्रास जवळजवळ गेलाय. गप्प बसली असती तर?

पण तेवढ्यात चौथ्या ओळीतल्या एका मुलीनं मान वळवून मागं पाहिलं. मग तिच्या शेजारणीनं. मग आणखी दोघींनी. सतरंजीवरच्या मुली एकेक करून मागं वळू लागल्या आणि त्यांच्या नजरेमागं संगिताचीही नजर गेली. शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून वैष्णवी बसली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. ती फक्त संगिताकडे बघत होती.

संगितानं पुढचं सगळं बोलून दाखवलं. आपण काय बोललो ते तिला नंतर आठवलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी एक खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, दारावर हिरवा पडदा. त्या खोलीत संगिता अकरा वर्षं कंत्राटावर समुपदेशक होती. तांड्यावरून शिकून एवढी वर आलेली ती पहिली मुलगी. बोलण्याची कला मात्र ती कॉलेजात शिकली नव्हती, ती तिच्या आईची, रूपाबाईची. रूपाबाई लग्नाघरी बोलायला लागली की अख्खा तांडा पोट धरून हसायचा. संगिताचंही तसंच होतं. रक्त कमी असल्याचं आणि लोहाच्या गोळ्यांचं भाषण कुणीही करतं, पण मुलींना हसवून, रडवून त्यांचं तोंड उघडणारी बाई जिल्ह्यात एकच, असं मीटिंगमध्ये बोललं जायचं. ते ऐकायला तिला आवडायचं.

वैष्णवी पहिल्यांदा आली ती आईबरोबर. सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. तिला नर्स व्हायचं होतं. पण नर्सिंग म्हणजे नांदेड, नांदेड म्हणजे होस्टेल, आणि होस्टेलमध्ये एका खोलीत चार मुली. अर्धा तास ती नुसती ओढणीची कड पिळत बसली. मग म्हणाली, "मॅडम, तुमी कुणाला सांगत न्हाई ना?"

"या पडद्याच्या बाहेर इथली गोष्ट जात न्हाई, बाळा."

मग तिनं सांगितलं. लहानपणापासून अंथरूण ओलं होतं ते, आणि आजोबांनी आपलं नाव दिलं तेही. संगितानं तिला स्वतः हिंगोलीला नेलं, तपासण्या करून घेतल्या, गोळ्या सुरू केल्या, संध्याकाळनंतर पाणी किती प्यायचं ते लिहून दिलं. सहा महिन्यांत रोजचा त्रास महिन्यातून एखाद्या वेळेवर आला. काम चोख झालं होतं. चोख झालं म्हणूनच तर ते सांगावंसं वाटलं. चार शाळांत सांगितलं आणि चारही ठिकाणी पोरी नंतर मागं मागं आल्या होत्या. नाव तर ती कधीच घेत नव्हती.

ही वैष्णवीचीच शाळा आहे, हे तिला ठाऊक होतं. बारावीचा प्रॅक्टिकलचा तास असेल, ती हॉलमध्ये नसेलच, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण खरं सांगायचं तर मुली जांभया देत होत्या, अधिकारी बाई घड्याळ बघत होत्या, आणि तिला तिची हमखास गोष्ट हवी होती. ती गोधडी गावात सगळ्यांनी पाहिलेली आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तीन आठवडे वैष्णवी गोळ्या न्यायला आली नाही. मग तिच्या गावची आशा कार्यकर्ती चांगुणा औषधं न्यायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, ती संतरामबाबाची नात शाळा सोडून बसली. पोरी तिला 'आजोबा' म्हणून चिडवून राहिल्या म्हणे. घराबाहेरच निघंना."

संगितानं त्या दिवशी जिल्ह्याला फोन लावला. "मॅडम, माझ्याकडून चूक झाली," म्हणून सगळं सांगितलं. पलीकडून अधिकारी बाई म्हणाल्या, "पण तुम्ही नाव तर घेतलं नव्हतं ना? मग तुमची कशी चूक? इतकं मनाला लावून घेऊ नका. तुमचं सेशन सगळ्यांना आवडलं होतं."

फोन ठेवल्यावर तिला आणखीच लाज वाटली. हेच वाक्य तीन आठवडे ती स्वतःला सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती पुसेगावपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढं काळ्यापिवळ्या जीपनं गेली. दुपारची वेळ होती. ओट्यावर संतरामबाबा बसले होते. तिला ओळखलं तसे ते काठी टेकत उठायला लागले.

"बसा बाबा, बसा."

"न्हाई, तुमी आल्या म्हंजे… पार्वती! दवाखान्याच्या बाई आल्या."

वैष्णवीची आई पार्वतीबाई पदराला हात पुशीत बाहेर आली, सतरंजी अंथरली, पाणी दिलं. वैष्णवी आतल्या खोलीच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर आली नाही.

"बरं झालं तुमी आल्या," पार्वतीबाई चहाचा कप पुढं करत म्हणाली. "तुमचंच ऐकते ती. तुमच्यामुळंच तर गुण आला. अन्‌ आता कोणी मेलीनं गावात उठवून दिलं. कोणाला सांगितलं न्हवतं ओ आमी! सख्ख्या बहिणीला न्हाई सांगितलं. जिनं सांगितलं तिचं वाटोळं व्हईल. माझ्या लेकराचं वर्ष गेलं. तुमी समजावून सांगा तिला."

संगिताच्या हातात कप होता. चहात साखर जास्त घातली होती, पाहुण्यांसाठी घालतात तशी. तिनं वैष्णवीकडे पाहिलं. म्हणजे पोरीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हा चहा मिळाला नसता. गप्प राहावं, चार शब्द समजुतीचे बोलावेत आणि निघावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. आलं, हे ती पुढं कधी विसरली नाही.

"पार्वतीबाई, ते मी सांगितलं."

"काय?"

"शाळेत. कार्यक्रमात. नाव घेतलं न्हाई, पण गोधडीचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. पोरींनी ओळखलं."

पार्वतीबाईला आधी कळलंच नाही. ती हसू आल्यासारखी सासऱ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "तुमी?" ती म्हणाली. "तुमी काहून सांगसान?"

मुलींना धीर यावा म्हणून, हे खरं होतं. लोक हसावेत म्हणून, हेही खरं होतं. संगिता म्हणाली, "माझं चुकलं. मी शाळेत येते. सगळ्या पोरींसमोर माफी मागते. ज्या चिडवतात त्यांना—"

"नको." वैष्णवी पहिल्यांदा बोलली. "तुमी येऊ नका, मॅडम. तुमी काही बोलू नका."

"वैष्णवी, मला फक्त—"

"तुमी माफी मागितली तर ज्यांना ठाऊक न्हाई त्यांनाबी ठाऊक व्हईल. तुमी बोललं की सगळे ध्यान देऊन ऐकतात. तुमी बोलूच नका."

एवढं बोलून ती आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

संतरामबाबांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "बाई, मला चार वर्सं लोकं हसले. पारावर हसले, चक्कीवर हसले. मला काय वाटत न्हवतं. उलट बरं वाटायचं, म्हातारपणी एवढं तरी कामाला आलो. आता ते काम ऱ्हायलं न्हाई."

त्यात राग नव्हता. राग असता तर संगिताला बरं झालं असतं. तिनं पर्समधून दोन महिन्यांच्या गोळ्या काढून सतरंजीवर ठेवल्या. "एवढ्या बंद नका करू," म्हणाली. पार्वतीबाईनं गोळ्यांना हात लावला नाही, पण परतही केल्या नाहीत. कपातला चहा तसाच होता. तो टाकून उठणं बरं दिसत नव्हतं आणि पिणंही. तिनं तो उभ्यानं, थंड झालेला, सगळा पिऊन टाकला.

त्यानंतर संगितानं शाळांत गोष्टी सांगणं सोडलं. छापील पत्रकातलं ती वाचून दाखवायची. मुली जांभया द्यायच्या. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, राठोड मॅडमची पहिल्यासारखी मजा राहिली नाही. कंत्राट वाढवताना शेऱ्यात 'समाधानकारक' एवढंच आलं, आधी 'उत्कृष्ट' यायचं. खोलीत येणाऱ्या मुलांचं मात्र ती पूर्वीपेक्षा जास्त ऐकायची, आणि त्यांचं ऐकलेलं घरी नवऱ्याजवळही काढत नसे.

गोळ्या न्यायला वैष्णवी आली नाही, पार्वतीबाईही आली नाही. दर दोन महिन्यांनी चांगुणा येऊन गप्प हात पुढं करायची आणि संगिता गप्प पाकीट द्यायची. बारावीची प्रात्यक्षिकं पोरीनं आईला सोबत घेऊन दिली, पेपरही दिले, असं चांगुणाकडूनच कळलं. निकाल लागला तेव्हाही तिनंच सांगितलं, "अठ्ठावन्न टक्के पडले. नर्सिंगला नंबर लागला म्हणे."

ऑगस्टच्या शेवटी संगिता मीटिंगला हिंगोलीला गेली होती. परत निघताना दुपारी डेपोत आली, तर तिची गाडी फलाटाला लागलेली होती, आणि शेजारच्या फलाटावर नांदेडच्या गाडीशी संतरामबाबा, पार्वतीबाई आणि वैष्णवी अशी तिघं उभी होती. पायाशी नवी पत्र्याची पेटी होती. पार्वतीबाई पोरीच्या केसातली पिन नीट करत होती. वैष्णवीनं निळा ड्रेस घातला होता आणि ती हसून काहीतरी बोलत होती. बाबांना ऐकू येत नसावं, तिनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तेही हसले.

आपल्या गाडीत चढायचं तर संगिताला त्यांच्या समोरून जावं लागणार होतं. दहा पावलं. तिनं पाऊल उचललंही. मग ती मागं सरली आणि चौकशीच्या खिडकीजवळच्या खांबाआड, लोकांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. तिच्या गाडीच्या कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. गाडी निघून गेली.

नांदेडची गाडी सुटायला आणखी वीस मिनिटं लागली. तोवर ती भिंतीकडे तोंड करून वेळापत्रक वाचत राहिली.

ती गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली, म्हातारा आणि सून बाहेर पडले, तेव्हा ती खिडकीशी गेली आणि पुढची गाडी किती वाजता आहे ते तिनं विचारलं.

"दीड तास बसावं लागंल, बाई. आत्ताच तर गेली. दिसली न्हाई का?"

"दिसली," ती म्हणाली, आणि बाकावर जागा करून बसली.