राईत अनवाणी

लेकीला, शेवंतीला, राईत न्यायचा निरोप आला त्या दिवसापासून आनंदीची झोप उडाली होती. एरवी तिला काळजी करायला कारण लागत नसे. कावळा ओरडला तरी पुरे. पण या खेपेला कारण खरं होतं, आणि ते घरातच, तिच्या डोळ्यांसमोर खटखट वाजत फिरत होतं.

तिचा नवरा लवू रत्नागिरीकडचा. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. त्याच्या गावात, खाडीच्या वरच्या अंगाला देवाची राई होती. झाडं इतकी दाट की भर दुपारी आत दिवेलागण वाटावी; जमीन बाराही महिने ओली, आणि वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नसे. भावकीतल्या मुलाला आठवं लागलं की देवदिवाळीला राईच्या वेशीवर पायातलं काढायचं आणि एकट्यानं चालत आतल्या देवापर्यंत जाऊन यायचं. सगळी भावकी वेशीवर उभी राहून बघायची. मूल परत आलं की ते गावचं झालं.

शेवंतीला आठवं लागलं होतं, आणि तिचा डावा पाय तान्हेपणीच पोलिओनं गेला होता. लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याचा जड बूट चढवला की पोर गल्लीभर हिंडे. काढला की भिंत धरून चाले. गावात याचा कुणाला पत्ता नव्हता. लवू दर गणपतीला एकटाच जायचा आणि पोरीची शाळा बुडते म्हणून सांगायचा. ही युक्ती आनंदीची. गाव काय बोलेल ते तिला आधीच पाठ होतं: सुनेनं देवाचं काहीतरी चुकवलं, ते पोरीला भोवलं.

पण या वेळी थोरल्या दिरांचा, धर्माजींचा, सांगावाच आला होता. पोरीला घेऊन या, यंदा चुकवू नका.

"बोटीनं जयगडपर्यंत जाऊ, पुढं होडी करू," लवू म्हणाला. "पोर खूश होईल."

"आणि वेशीवर?"

"मी उचलून नेईन."

"एकट्यानं चालायचं असतं. भावजी चालू देतील?"

लवूनं डोकं खाजवलं. "मग दादाला आधीच सांगून टाकू खरं काय ते."

"सांगा. आणि मला खाडीत ढकला."

बायकोशी वाद घालण्यापेक्षा भांडी घासलेली बरी, असं लवूचं मत होतं.

इकडे शेवंतीनं मात्र जायची तयारी सुरू केली होती. राईत माकडं असतात का, जळवा चावल्या तर मीठ लावायचं का, मीठ इथूनच न्यायचं का, असं तिचं दिवसभर चाले. आनंदीला ते ऐकवेना. भाताला आधण ठेवायची आणि तांदूळ घालायला विसरायची. कितीही विचार केला तरी तिला तो वेशीवरचा घोळका दिसे, आणि त्याच्यासमोर चिखलात रांगणारी आपली पोर.

शेवटी ती घरमालकिणीकडे गेली. विमलाबाईंचं जुनं मिठागरवाल्यांचं घर, माणसांनी भरलेलं. शेवंतीला चार दिवस ठेवाल का, असं आनंदीनं चाचरत विचारलं.

"ठेव ना, मना काय जड हाय?" विमलाबाई म्हणाल्या. "पन पोर तुजीच हाय ना? का चोरून आनलीस?"

आनंदीला राग आला. स्वतःचे पाय धड असलेल्यांना बोलायला काय जातं, असं मनात म्हणत ती घरी परतली.

संध्याकाळी ती शेवंतीची वेणी घालायला बसली. समोरून सांगायची हिंमत नव्हती, पाठीमागून सांगणं सोपं.

"शेवंते, तू विमलाबाईंकडं राहा. आम्ही दोघं जाऊन येतो."

आता पोर भोकाड पसरणार म्हणून आनंदी सावरून बसली. शेवंती रडली नाही. म्हणाली, "गावाला काय सांगायचं? ताप की परीक्षा?"

आनंदीचा हात वेणीतच थांबला.

"परीक्षाच सांग," शेवंती समजुतीनं म्हणाली. "तापाचं सांगितलं तर काका बघायला येतील. मागं गावाहून चंपाकाकू आली होती ना, तेव्हा तू माझ्या पायावर गोधडी टाकलीस. ती जाईपर्यंत मी जागची हलले नाही. लघवीला लागली होती, तरी उठले नाही."

"मी तुला बसून राहा म्हटलं नव्हतं गं."

"नव्हतं म्हटलंस. मला कळलं."

आनंदीला स्वतःची इतकी लाज वाटली की पोरीचं तोंड पलीकडे आहे हे बरं झालं असं वाटलं. गाव पोरीला खाली मान घालायला लावेल म्हणून ती एवढी जपत आली होती, आणि ते तर तिनंच घरात बसून शिकवून ठेवलं होतं.

"अहो," तिनं लवूला हाक मारली, "तिकिटं तिघांची काढा. आणि भावजींना कळवा, पोरीचा पाय अधू आहे. ती माझा हात धरून जाईल. नाही चाललं त्यांना, तर वेशीवरूनच नमस्कार करू."

"भावकी बोलेल," लवू म्हणाला.

"बोलू दे." आनंदी म्हणाली. भीती काही कमी झाली नव्हती.

शेवंती मान वळवून दोघांकडे बघत राहिली. खरंच न्यायचं ठरलंय का, याचा तिला अंदाज येईना.

"आई," तिनं हळूच विचारलं, "मग बोटीत पायावर टाकायला गोधडी घ्यायची का?"

"नको," आनंदी म्हणाली आणि अर्धी राहिलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.