डिकीतला दिवा

काकांच्या गाडीची तिसरी नवी बॅटरीही डाऊन झाली. ती चार्ज करून मेकॅनिक हट्टालाच पेटला. "डिकीतला दिवा बॅटरी खातोय का बघतो. मी आत झोपतो, तुम्ही झाकण लावा," म्हणत तो आतल्या चालायच्या वॉकरला मिठी मारून आडवा झाला.

आतून आरोळी आली, "काका, दिवा विझतच नाही! वॉकरचा पाय अडतोय, झाकण दिव्याच्या बटणाला टेकतच नाही. उघडा आता!"

"किल्ली कुठंय?"

"माझ्या खिशात!"

शेवटी काकांनी मागची सीट पाडली आणि स्वारी रांगत बाहेर आली.

"वॉकर घरात ठेवा, काका. सुटलात!"

"अरे, गाडीतून उतरल्यावर लागतो ना तुझ्या काकूला."

काकू जाऊन आठ महिने झाले होते. मेकॅनिकने बल्ब काढला आणि वॉकरला धक्का न लावता झाकण टेकवलं.