कोंब फुटलेले शेअर

गोटीराम आप्पांनी नामपूरच्या बाजारात चाळीस वर्षं कांदा घेतला नि विकला. सत्तरी आली तसा धंदा लेकाच्या हवाली केला आणि कुसाबाईंना घेऊन ते पंचवटीत राहायला आले. नात वेदिका तिथंच कॉलेजात होती. रिकाम्या हाताला शेअर बाजार सापडला. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं, संध्याकाळी बोंब मारायची.

शेवटी वेदिकानं वहीच्या पानावर नियमच लिहून दिले. कंपनी वीस वर्षं जुनी हवी, अंगावर कर्ज नको, लाभांश दहा वर्षांत एकदाही चुकलेला नको. अशा दहा निवडायच्या, सगळ्यांत सारखे पैसे घालायचे आणि दहा वर्षं काही काढायचं नाही.

"आणि मधेच विकलंत ना आप्पा, तर मोबाईल आजीकडे!"

"लाव पैज," आप्पा म्हणाले. ज्या गृहस्थानं मिठाची पुडीदेखील कधी बायकोला विचारून आणली नाही, त्याच्या नाकाला या अटीनं मिरच्या झोंबल्या. हरून चालणारच नव्हतं.

दिवाळीत वेदिकानं आप्पांचा मोबाईल उघडला आणि कपाळावर हात मारला. दीडपट झालेले तीन शेअर गायब! जागचे हलले नव्हते, ते मात्र जपून ठेवलेले.

"आप्पा, नेमके चांगले तेवढे विकलेत?"

"चांगले कसले? कोंब फुटले व्हते त्यांना!" आप्पा ठसक्यात म्हणाले. "साठवणीच्या चाळीत कांद्यानं डोकं वर काढलं की आधी तोच काढायचा. घट्ट हाय तो ठेवायचा. एवढं बी शिकवत नाय तुझ्या कॉलेजात?"

वेदिकाला हसावं की रडावं कळेना. कुसाबाईंनी मात्र गुमान हात पुढे केला. शब्द म्हणजे शब्द. आप्पांनी मोबाईल दिला, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

आठ दिवस त्यांनी कसेबसे काढले. नवव्या दिवशी कुसाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाले, "भाव तरी बघू दे."

"दहा वर्षांनी."

"तवर मी ऱ्हातो का नाय, कुणाला ठावं."

चिडून म्हणाले ते, पण कुसाबाईंना भीतीच वाटली, खरीखुरी. मग त्यांनी आवाज चढवला.

"ऱ्हावं लागंल. दहा वर्षं काय बी काढायचं नाय, असं पोरीनं लिवून दिलंय."

चहा पथ्याचा, बिनसाखरेचा होता, तरी आप्पा सगळा प्यायले.